वाडीतील जुन्या तळ्यास निचऱ्याची सोय

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीतील वाडीला तळे हवेच, ही समजूत फार जुनी आहे. वसईपासून उत्तरेकडे केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, चिंचणीपर्यंत नारळ, सुपारी, केळी, पानवेल व भाजीपाला यांच्या वाड्या पसरल्या आहेत. या वाड्यांच्या मध्ये खणलेल्या तळ्यांतील पाण्यावर पूर्वजांनी हिवाळा-उन्हाळा काढला. वसईच्या बाजूस अशा तळ्यास ‘बावखल’ असे नाव आहे. त्यातून निघालेली माती घराच्या जोत्यास व वाडीच्या भरावास उपयोगी पडे आणि पावसाळ्यात त्यात मुरणारे पाणी आजूबाजूच्या विहिरींना आधार देई.

यांतील पुष्कळ तळी आज बुजली आहेत किंवा बुजविली गेली आहेत. उरली त्यांपैकी अनेकांचे पाणी हिरवे, दुर्गंधीयुक्त व डासांनी भरलेले असते. अशा तळ्याकडे पाहून घरातील तरुण म्हणतो, “ही घाण बुजवून टाकावी.” वडीलधारी मंडळी म्हणतात, “बुजवू नका, उन्हाळ्यात पाणी कोठून आणाल?” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घाण ठेवू नये हे खरे, आणि तळे गमावू नये हेही खरे. या दोहोंचा मेळ घालावयाचा तर जुन्या तळ्यास निचऱ्याची योग्य सोय करणे हाच मार्ग होय. ही सोय कशी करावी, कोठे करावी व कोठे मुळीच करू नये, याचा विचार या लेखात केला आहे.

पाणी का नासते?

तळ्यात नारळाच्या झावळ्या, आंबा-फणसाची पाने, शेणामुताचे पाणी आणि वाडीतून वाहून येणारी माती सतत पडत असते. हा सर्व पाला तळाशी बसतो व कुजतो. कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. तळाशी प्राणवायू संपला की सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. खताचा अंश पाण्यात उतरल्याने वर शेवाळ व जलपर्णी माजते. ती मेली की पुन्हा तळाशी जाऊन कुजते. असे हे चक्र एकदा सुरू झाले म्हणजे आपोआप थांबत नाही.

पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर प्राणवायू कमी पडल्याची ती खूण समजावी. वरचे पाणी नितळ दिसत असूनही तळचे पाणी नासलेले असू शकते, हे विशेष लक्षात ठेवावयास हवे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. या भागात वर्षाकाठी सर्वसाधारणपणे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मग एवढ्या पावसाने तळे आपोआप धुऊन का निघत नाही?

उदाहरणार्थ, १५ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे सुमारे दीड गुंठ्याचे तळे घेऊ. त्याची सरासरी खोली दीड मीटर धरली तर त्यात २२५ घनमीटर, म्हणजे सव्वादोन लाख लिटर पाणी मावते. दोन हजार मिलिमीटर पावसाचे केवळ तळ्याच्या पृष्ठभागावर पडणारे पाणीच ३०० घनमीटर भरते. अर्थात वाडीतून वाहत येणारे पाणी बाजूस ठेवले, तरी तळ्यातील सर्व पाणी एकदा बदलून वर उरेल एवढा पाऊस निसर्ग दरवर्षी देतो. परंतु बहुतेक तळ्यांतून जादा पाणी काठावरून, म्हणजे वरच्या थरातून निघून जाते. मोठ्या पावसात थोडीफार सरमिसळ होते हे खरे; तथापि ताजे पाणी वरच्यावर निसटते आणि नासलेले पाणी तळाशी तसेच राहते. निचऱ्याचे सारे मर्म यातच आहे. बाहेर जाणारे पाणी तळचे असावे, वरचे नसावे.

प्रथम तळ्याची परीक्षा

कुदळ हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात: पाणी कोठून येते, तळ्याची सर्वांत खोल जागा कोणती, आणि सोडलेले पाणी कोठे जाणार.

खोल जागा काठीने मापून काढावी व काठावर खुंटी ठोकून तिची खूण करावी. तळ्याची पाणपातळी व बाहेरील जमीन यांतील फरक काढण्यास गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पुरेशी आहे. नळीत पाणी भरून एक टोक तळ्याच्या पाणपातळीशी व दुसरे टोक पाणी सोडावयाच्या जागी धरावे. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर राहते. त्यावरून बाहेरची जमीन किती खाली आहे हे मोजता येते.

या मोजणीवरून तळे दोनपैकी कोणत्या प्रकारचे आहे ते कळते. मनोरच्या बाजूस, डोंगरउताराच्या जमिनीत बांध घालून अडविलेली तळी असतात. त्यांच्या बांधाखालची जमीन तळ्याच्या तळाहून खाली असल्याने सर्व पाणी उताराने काढता येते. किनाऱ्यावरील तळी सपाट जमिनीत खणलेली असतात. त्यांचा तळ आजूबाजूच्या जमिनीहून खोल असल्याने तेथे उताराने केवळ वरचा काही भागच काढता येईल. एका प्रकारच्या तळ्याची रीत दुसऱ्यास लावल्यास खर्च वाया जातो.

सांडवा आधी, नळ नंतर

निचऱ्याचा नळ बसविला म्हणजे सांडव्याची गरज उरली नाही, असा समज होण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. वरील तळ्यास अर्ध्या एकराच्या वाडीचे पाणी येते असे धरू. तासाला ५० मिलिमीटर या गतीने पाऊस पडला व त्यातील निम्मे पाणी वाहून आले, तर तळ्यावर पडणारा पाऊस धरून दर सेकंदास सुमारे १६ लिटर पाणी तळ्यात जमा होईल. चार इंची नळ शंभरास एक उतारावर बसविला व तो पूर्ण भरून वाहिला, तरी सेकंदाला सहा-सात लिटरांपेक्षा फारसे पाणी नेऊ शकत नाही. पालापाचोळा अडकल्यास तेवढेही नाही.

म्हणून मोठ्या पावसासाठी दगडाने बांधलेला किंवा हिरवळीने आच्छादलेला उघडा सांडवा ठेवावाच. ६० सेंटिमीटर रुंदीच्या सांडव्यावरून दहा सेंटिमीटर खोलीचे पाणी वाहिले, तर सेकंदाला ३० लिटरांच्या आसपास पाणी जाते. वरील तळ्यास तो पुरेसा होईल. काठाची माथापातळी सांडव्याच्या उंबऱ्याहून किमान ३० सेंटिमीटर उंच ठेवावी.

पहिली रीत: ‘टी’ जोडाचा नळ

जुन्या तळ्यास सर्वांत सोपी व कमी खर्चाची अशी ही रीत आहे. हिच्यात काठ खोल कापावा लागत नाही.

चार इंची कडक पीव्हीसी नळ घ्यावा. तळ्यात जी पाणपातळी कायम ठेवावयाची असेल, त्या पातळीवर काठात उथळ चर खणून नळ आडवा बसवावा व त्यास बाहेरच्या बाजूस शंभरास एक उतार द्यावा. नळाच्या तळ्यातील टोकास ‘टी’ जोड लावावा. त्याच्या खालच्या तोंडास उभा नळ जोडून तो तळ्याच्या खोल जागी, तळापासून सुमारे एक वीत वर थांबेल असा ठेवावा. वरच्या तोंडास हातभर लांबीचा तुकडा जोडून तो पाण्याबाहेर उघडा ठेवावा; त्यावर जाळी बांधावी.

पाऊस पडून पाणी चढले की बाहेर जाण्यास आडव्या नळाखेरीज वाट नसते, आणि आडव्या नळात पाणी शिरते ते खालच्या उभ्या नळातून. अशा प्रकारे प्रत्येक सरीबरोबर तळचे नासके पाणी थोडे थोडे बाहेर पडते व त्याची जागा ताजे पाणी घेते. त्यास वीज लागत नाही, तेल लागत नाही, माणूसही लागत नाही. वरचे तोंड उघडे ठेवण्याचे कारण असे की, त्यातून हवा आत येत राहिल्याने नळ पाणी ओढू लागत नाही व ठरविलेल्या पातळीखाली तळे उतरत नाही. हे तोंड बुचाने बंद केल्यास संपूर्ण तळे रिकामे होण्याचा धोका असतो.

सांडव्याचा उंबरा या आडव्या नळाच्या तळाहून दहा सेंटिमीटर वर ठेवावा. म्हणजे लहान सरींचे पाणी नळातून व मुसळधार पावसाचे जादा पाणी सांडव्यावरून जाईल.

दुसरी रीत: वक्रनळी

जेथे तळ फार नासला असेल व पाण्याची पातळी मुद्दाम उतरवून ताजे पाणी घ्यावयाचे असेल, तेथे वक्रनळी वापरावी. व्यवहारात हिला सायफन म्हणतात. काठ न कापता त्याच्या माथ्यावरून नळ नेऊन पाणी पलीकडे खाली उतरविणे हे तिचे कार्य होय. हवेच्या दाबाने पाणी माथ्यावर चढते, म्हणून ही चढण मर्यादित असावी. सिद्धान्ताप्रमाणे समुद्रसपाटीस ती दहा मीटरांपर्यंत चालते. व्यवहारात सहा मीटरांपुढे जाऊ नये. वाडीतील तळ्यास मीटर-दीड मीटरच चढण असते, त्यामुळे अडचण येत नाही. मात्र नळाचे बाहेरचे तोंड तळ्याच्या पाणपातळीहून खाली असलेच पाहिजे. ते जितके खाली तितका प्रवाह जोरदार.

बांधणी अशी करावी. तळ्यातील तोंडास जाळीसह फूटवॉल्व्ह व बाहेरच्या तोंडास झडप बसवावी. माथ्यावर ‘टी’ जोड देऊन त्यास घट्ट बसणारे बूच ठेवावे. बाहेरची झडप बंद करून माथ्यावरून नळ पाण्याने काठोकाठ भरावा, बूच घट्ट लावावे आणि मग झडप उघडावी. प्रवाह सुरू होतो व आपण होऊन चालू राहतो. शेतात अंथरावयाचा मऊ गुंडाळी-पाइप येथे चालत नाही. आतील ओढीने तो चपटा होऊन बंद पडतो. माथ्यावरील सांध्यातून किंचितही हवा शिरली तर प्रवाह तुटतो, म्हणून सांधे चिकटद्रव्याने पक्के करावेत.

आतील व्यास ७५ मिलिमीटर, लांबी २० मीटर व पातळीतील फरक एक मीटर असेल, तर आरंभी सेकंदाला सहा-सात लिटर पाणी निघते. वरील दीड गुंठ्याच्या तळ्याची पातळी एक वीत, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर उतरविण्यास ३० हजार लिटर पाणी काढावे लागते. ते साधारण सव्वा तासात निघेल. यावरून ध्यानात येईल की वक्रनळी चालू ठेवून बाजारास जाणे योग्य नव्हे. विसर पडला तर रात्रीतून वर्षाचे पाणी निघून जाईल.

या विस्मरणावर एक सोपा उपाय आहे. तळ्यातील उभ्या नळास, ज्या पातळीवर पाणी थांबावयास हवे तेथे, करंगळी जाईल एवढे छिद्र पाडावे. पाणी त्या छिद्राखाली उतरताच हवा आत शिरते व प्रवाह स्वतःच तुटतो. हे छिद्र पाण्याखाली असताना त्यातून पाणीच आत येते, त्यामुळे कामात व्यत्यय येत नाही. मात्र नळ भरताना तळ्याची पातळी छिद्राच्या वर असून छिद्रावर ओल्या फडक्याची पट्टी बांधलेली असावी, म्हणजे भरलेले पाणी त्यातून परतणार नाही. प्रवाह सुरू झाल्यावर पट्टी आठवणीने सोडावी.

पातळी दिवसास एक वीत याहून अधिक उतरवू नये. पावसाळ्यात काठाची माती पाण्याने भरलेली असते. आतील पाण्याचा आधार एकाएकी गेला तर काठ ढासळतो.

तिसरी रीत: बांधातून नळ

बांध घालून केलेल्या तळ्यास तळातून नळ काढता येतो. हे काम एप्रिल-मे महिन्यांत, तळे आटल्यावरच करावे. बांध उभा न कापता दोन्ही अंगांस उतार ठेवून कापावा. नळाभोवतीची माती सैल राहिली तर पाणी नळाच्या बाहेरून वाट काढते. ती वाट रुंदावत जाऊन बांध फुटतो. यासाठी नळाभोवती दोन-तीन ठिकाणी काँक्रीटची आडवी कडी घालावीत. ती नळाच्या सर्व बाजूंस ३० सेंटिमीटरपर्यंत पसरलेली असावीत. भराव ओलसर चिकणमातीचा, १५ सेंटिमीटरांच्या थरांनी, प्रत्येक थर धुमसाने ठोकून करावा.

नळाचे नियंत्रण तळ्याच्या बाजूस ठेवणे अधिक सुरक्षित असते. तळ्यातील टोकास वळणारा कोपर-जोड लावून त्यात उभा नळ बसवावा. नळ उभा असेल तेव्हा त्याच्या तोंडापर्यंत पाणी साठते. तो कलता केला की पातळी त्या प्रमाणात उतरते. आडवा केला की तळे रिकामे होते. बांधाच्या पोटातील नळ त्यामुळे सदा दाबाखाली राहत नाही.

गाळ वेगळा, पाणी वेगळे

कोणताही नळ आपल्या तोंडाजवळचाच गाळ ओढतो. दूरच्या कोपऱ्यातील गाळ त्यातून निघेल ही अपेक्षा व्यर्थ होय. यासाठी वैशाख-ज्येष्ठात पाणी सर्वांत कमी असताना गाळ हाताने काढावा आणि तळास खोल जागेकडे पन्नासास एक असा उतार द्यावा. खणताना मूळ चिकणमातीचा थर फोडू नये.

गाळ आत येऊच नये म्हणून पाणी शिरण्याच्या जागी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद व दोन फूट खोल असा गाळखड्डा ठेवावा. त्याच्या वरच्या अंगास वाळ्याची दाट ओळ व पाटात अळू, कर्दळ लावावी. गोठ्याचे, मोरीचे व कपडे धुण्याचे पाणी तळ्याकडे येऊ देऊ नये. हे न करता केवळ निचरा काढणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय.

किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याचे भय

केळवे, माहीम, सातपाटी, तारापूर या बाजूस एक मोठी सावधगिरी आवश्यक आहे. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सिद्धान्ताप्रमाणे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी राहते. अर्थात वरची पातळी एक हात उतरली तर खालचे खारे पाणी कित्येक हात वर येऊ शकते. भर उन्हाळ्यात तळे उपसून कोरडे करणारा बागायतदार नकळत खाऱ्या पाण्यास निमंत्रण देतो. पानवेल व केळ यांस खारे पाणी सोसत नाही; नारळ काही प्रमाणात तग धरतो.

म्हणून किनाऱ्यावरील तळे कधीही पूर्ण रिकामे करू नये. माघापासून पावसापर्यंत त्याच्या निचऱ्यास हात लावू नये. गाळ काढावयाचा तर निम्म्या भागाचा एका वर्षी व उरलेल्या भागाचा पुढल्या वर्षी काढावा. पाण्याची विद्युतवाहकता प्रयोगशाळेत तपासून घ्यावी: ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंतचे पाणी सर्वसाधारणपणे ओलितास चालते, २.२५ च्या वर गेल्यास ते अतिशय खारे समजावे.

सोडलेले पाणी खाडीच्या नाल्यास जात असेल तर भरतीचे पाणी त्याच वाटेने उलट आत शिरेल. या भागातील शेतकऱ्यांस यावरचा उपाय ठाऊक आहे. खारभूमीच्या बांधांस उघाड्या असतात. ओहोटीस त्यांची झडप आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीस बाहेरच्या दाबाने मिटते. नळाच्या बाहेरच्या तोंडास याच तत्त्वाची लहान लोंबती झडप बसवावी व तिच्यात काटकी अडकली नाही ना, हे उधाणापूर्वी पाहावे. वक्रनळी तर केवळ ओहोटीच्या वेळीच चालवावी.

बोईसर-तारापूरच्या परिसरात

तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या आजूबाजूस आणखी एक काळजी घ्यावी लागते. या क्षेत्रातील सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित अधिकरणापुढेही गेला होता, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूरची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. तेव्हा तळे धुण्यासाठी म्हणून तेथील नाल्याचे पाणी आत घेणे म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट अशी गत होईल. तळ्यात पावसाचे, किंवा खात्रीच्या विहिरीचे अथवा कालव्याचेच पाणी घ्यावे.

पाण्यास रंग, रसायनाचा वास किंवा फेस दिसल्यास निचरा सुरू करू नये. ते पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाईल. प्रथम पाण्याचा व गाळाचा नमुना तपासणीस द्यावा व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे. नाल्याचा संपर्क असलेल्या तळ्यातील गाळ तपासणीवाचून भाजीच्या वाफ्यात पसरू नये. इतरत्र मात्र निर्मळ तळ्यातील गाळ उन्हात वाळवून नारळ-सुपारीच्या आळ्यांत घालणे हितावह आहे.

सोडलेले पाणी कोठे द्यावे?

कुजलेल्या पाल्याचे पाणी पिकास घातक नसून पोषक असते. तळ्याखाली स्वतःचे भाताचे खाचर असल्यास निचऱ्याचे पाणी तेथेच द्यावे. रोपे नुकतीच लावली असतील तर ती मूळ धरेपर्यंत थांबावे. पाणी ओहोळास सोडावयाचे तर ते शेजाऱ्याच्या बांधावरून जाते काय, त्याच्या विहिरीजवळ साचते काय, हे आधी त्याच्यासमवेत उभे राहून पाहावे. पाण्यावरून उद्भवलेला तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तो पाव तासाच्या बोलण्याने टळतो.

नक्षत्रांप्रमाणे कामाचा क्रम

*मृगापूर्वी:* गाळ काढणे, तळास उतार देणे, सांडवा व नळ बसविणे पूर्ण करावे.

*मृग:* पहिल्या पावसाचे पाणी वाडीतील सर्व घाण घेऊन येते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी आत न घेता बाजूच्या चराने काढून द्यावे.

*आर्द्रा व पुनर्वसू:* तळे भरू द्यावे. ‘टी’ नळाचे काम आपोआप सुरू होईल. जाळीवरचा पाला आठवड्यातून दोनदा काढावा.

*पुष्य व आश्लेषा:* पाऊस जोमात असतो. वास येत असल्यास वक्रनळीने पातळी एक वीत उतरवावी, पावसाने भरू द्यावी, पुन्हा उतरवावी. असे तीन-चार वेळा करावे.

*मघा:* पाणी पाहून आवश्यक तर आणखी एकदा उतरवावे.

*पूर्वा लागताच:* वक्रनळी काढून ठेवावी. यापुढे पडणारा प्रत्येक थेंब उन्हाळ्यासाठी आहे. उत्तरा व हस्ताचा पाऊस येईलच असा भरवसा धरू नये.

डास, मासे व जिवाची काळजी

उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. निचऱ्याच्या चरात पाणी त्याहून अधिक काळ साचून राहिले तर तळे स्वच्छ होऊनही डास वाढतील. चरास एकसारखा उतार द्यावा व डबकी बुजवावीत. तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले असल्यास नळांच्या तोंडांस बारीक जाळी लावावी. हे मासे परदेशी असून ओढ्या-नाल्यांत गेल्यास तेथील माशांस उपद्रव करतात.

विजेचा पंप वापरून उपसा करावयाचा असेल तर पंप चालू असताना कोणीही पाण्यात उतरू नये. वायरचा सांधा पाण्यात किंवा ओल्या गवतावर ठेवू नये. आर्थिंग व गळतीरोधक स्विच असल्याखेरीज पंप लावूच नये. गाळात एकट्याने उतरू नये. नळाच्या तोंडाजवळ मुलांस पोहू देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्याने तळे पाहण्यास जाताना पारदर्शक नळी, मोजपट्टी व काठी बरोबर न्यावी आणि घरातील वृद्धांस तीन प्रश्न विचारावेत: पूर्वी पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाई? कोणत्या वर्षी तळे आटले? पाणी केव्हा मचूळ लागले? जुनी वाट पुष्कळदा भरावाखाली किंवा नव्या कुंपणाखाली गाडली गेलेली असते. ती मोकळी केल्यानेच निम्मे काम होते. तळ्याच्या दोन पातळ्या, म्हणजे श्रावणातील व चैत्रातील, काठावरील दगडावर रंगाने लिहून ठेवण्यास सांगावे. दोन-तीन वर्षांच्या अशा खुणांवरून तळे सुधारते की बिघडते हे सर्वांस दिसेल. शंका असल्यास कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राचा किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

प्रथम गावातील एकाच तळ्यावर ‘टी’ नळ बसवावा आणि एक पावसाळा त्याच्या बाहेरच्या तोंडाशी पडणारे पाणी गावकऱ्यांस दाखवावे. तळ्याच्या वरचे पाणी नितळ आणि नळातून येणारे काळपट, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे निराळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

तळे बुजविण्यास दोन दिवस पुरतात. ते पुन्हा खणणे सहसा कोणास साधत नाही, आणि त्यात मुरणारे पाणी गेले म्हणजे शेजारच्या चार विहिरी खाली जातात. थोडा नळ, थोडी मोजणी आणि एका पावसाळ्याचे लक्ष एवढ्यावर जर ते पुन्हा निर्मळ होत असेल, तर वाडीच्या धन्याने बुजविण्यापूर्वी हा प्रयत्न एकदा अवश्य करून पाहावा.